जुन्या खेळण्यांतील नवी वीज



भंडाऱ्याचें नांव निघालें कीं पितळेच्या भांड्यांची आठवण होते. जेथें पितळेचीं भांडीं घरोघर वापरांत होतीं, तेथें एक नियम कोणत्याही गृहिणीला शिकवावा लागत नसे. पातेल्याला कल्हई असल्याखेरीज त्यांत ताक अथवा चिंचेचें सार ठेवावयाचें नाहीं. पातेलें उत्तम असतें, ताकही उत्तम असतें. परंतु दोहोंची गांठ कल्हईवांचून पडली तर ताक कळकतें आणि पिणाऱ्यास बाधा होते. पदार्थ भांड्यांत मावला, एवढ्यानेंच तो त्यांत ठेवण्याजोगा ठरत नाहीं, हें ज्ञान त्या घरांतल्या पोरींना परकर नेसण्याच्या वयांत होत असे.

आजच्या भाषणाचा विषय वरकरणी याहून फार निराळा आहे. तो आहे खेळण्यांतील मोटारींचा, आणि त्यांत घालावयाच्या बॅटरीचा. परंतु पातेल्याचा तो नियम येथेंही जसाच्या तसा लागू पडतो, आणि तो विसरल्यास हानि नुसत्या ताकाची होत नाहीं.

रेडिओच्या लहरींनीं दुरून चालविण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नाव सोडली, आणि तिला हात न लावतां व तार न जोडतां ती लोकांच्या डोळ्यांदेखत वळवून दाखविली. त्या नावेच्या पोटांतही बॅटरीच होती. ही युक्ति पुढें मुलांच्या खेळण्यांत आली. ती घरोघर नेणाऱ्या कारखान्यांत जपानमधील शिझुओका येथील तामिया या पेढीचें नांव अग्रभागीं आहे. १९४६ सालीं लांकूड कापण्याच्या धंद्यांतून ही पेढी सुरू झाली. मग ती लांकडी व नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृति करूं लागली, आणि १९७६ सालीं तिनें पोर्शे ९३४ या मोटारीची रेडिओनें चालणारी प्रतिकृति बाजारांत आणली. त्यानंतर १९८३ सालीं ‘फ्रॉग’ आणि १९८४ सालीं ‘ग्रासहॉपर’ व ‘हॉर्नेट’ अशा मातींत व खडबडीत अंगणांत पळणाऱ्या गाड्या निघाल्या. त्या सुट्या भागांच्या रूपानें पेटींत मिळत. स्क्रू पिळून, दांत्यांना वंगण लावून, मुलानें आपल्या हातांनीं गाडी उभी करावी आणि मग ती पळवावी, अशी ती योजना होती.

वीस वर्षांनीं एक गंमत झाली. ज्यांनीं लहानपणीं या गाड्या खेळल्या होत्या, किंवा दुकानाच्या कांचेबाहेरून नुसत्या पाहिल्या होत्या, ते आतां मिळवते झाले होते. त्यांच्या हौसेला मान देऊन पेढीनें तेच जुने नमुने पुन्हां काढले. २००४ सालीं ‘हॉर्नेट’ आणि २००५ सालीं ‘ग्रासहॉपर’ व ‘फ्रॉग’ पुन्हां बाजारांत आल्या. आकार तोच आणि घडणही बव्हंशीं तीच. परंतु मधल्या काळांत बॅटरीची जात मात्र पार बदलून गेली होती. भांडें जुन्या घडणीचें, आणि आंत घालावयाचा पदार्थ नवा, असा हा प्रसंग आहे.

समजा, दिवाळीच्या सुटींत मुंबईचे काका तुमसरास आपल्या भावाच्या घरीं येतात आणि पुतण्यासाठीं अशी एक पेटी आणतात. दोन दिवस ओसरीवर सतरंजी पसरून चुलते-पुतणे गाडी जोडतात. पेटींत बॅटरी नसते. ती निराळी घ्यावयाची असते. दुकानदारानें काकांना एक चपटी, गुळगुळीत, चौकोनी बॅटरी दिलेली असते. जुनीपेक्षां हलकी आणि ताकद जास्त, असें सांगून. पुतण्या ती गाडीच्या पोटांत घालूं पाहतो. कोपरे अडतात. तो आणखी जोर करतो, प्लॅस्टिक कुरकुरतें आणि बॅटरी आंत जाते. “काका, बसली कीं!” असें तो आनंदानें ओरडतो. काका म्हणतात, “बसली खरी, पण जमली कीं नाहीं, तें अजून पाहावयाचें आहे, बाळ.” काकांच्या या उत्तरांत आजच्या विषयाचें सार आहे.

या खेळण्यांत विजेची गरज तीन ठिकाणीं असते. एक, हातांतील प्रेषकांत, ज्यास सर्वजण रिमोट म्हणतात. दुसरें, गाडींतील ग्राहक यंत्र व चाकें वळविणारी लहान मोटर यांत. आणि तिसरें, गाडी पळविणाऱ्या मुख्य मोटरमध्यें. या तिन्हींची भूक सारखी नाहीं.

प्रेषकाची भूक अगदीं थोडी. जुन्या प्रेषकांत पेन्सिल-सेल म्हणतात तसले दीड व्होल्टचे आठ सेल घालीत. त्यांचा एकूण दाब १२ व्होल्ट. नव्या प्रेषकांना बहुधा चारच पुरतात. हा सेल म्हणजे काय वस्तु आहे, हें भंडारा जिल्ह्यांतील मुलांनीं तरी अवश्य जाणून घ्यावें. १८६६ सालीं जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच संशोधकानें जस्त, कोळसा आणि मँगनीज डाय-ऑक्साइड यांचा घट बनविला. त्यांतील पातळ द्रव्याच्या जागीं पुढें लगदा आला आणि कोरडा सेल जन्मास आला. साध्या सेलचें बाहेरचें नळकांडें जस्ताचें असतें, मध्यें कोळशाची कांडी असते, आणि कांडीभोंवतीं जी काळी भुकटी दाबून भरलेली असते तिच्यांत मुख्य अंश मँगनीज डाय-ऑक्साइडचा असतो. जस्त झिजतां झिजतां वीज सोडतें. ती वीज बाहेरच्या वाटेनें फिरून आली कीं तिला पोटांत घेण्याचें काम ही काळी भुकटी करते. भुकटीची घेण्याची शक्ति संपली, अथवा जस्त संपलें, कीं सेल संपला.

हें मँगनीज तुमसर तालुक्याच्या मातींत आहे. त्या तालुक्यांतील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. या भागांत मँगनीज काढण्याचें काम इंग्रजी कंपनीच्या अमदानींत सुरू झालें; १९६२ सालीं मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तीच आज मॉयल या नांवानें खाणी चालविते. बहुतेक मँगनीज पोलादाच्या कामीं जातें. परंतु डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणींतून मँगनीज डाय-ऑक्साइडच्या जातीचें खनिज निघतें, आणि तें कोरड्या सेलांच्या कारखान्यांना उपयोगी पडतें. त्याच ठिकाणीं विजेच्या साहाय्यानें शुद्ध मँगनीज डाय-ऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही कंपनीनें उभारला आहे. तुमसरचा मुलगा प्रेषकाची कळ दाबतो तेव्हां त्याच्या मुठींत जी काळी भुकटी काम करीत असते, तिची जात त्याच्याच तालुक्याच्या डोंगरांतली आहे.

मग हेच सेल गाडीलाही कां घालूं नयेत? याचें उत्तर भुकेच्या फरकांत आहे. कोरडा सेल थोडी वीज पुष्कळ वेळ देऊं शकतो. पुष्कळ वीज थोड्या वेळांत देण्यास तो असमर्थ असतो. गाडीची मुख्य मोटर सुरू होतांना आणि चढ चढतांना कित्येक अँपिअर प्रवाह ओढते. साध्या सेलांवर तो भार टाकला तर त्यांचा दाब तत्काळ बसतो आणि गाडी जागच्या जागीं कण्हत राहते. म्हणून अशा गाड्यांना पहिल्यापासून पुन्हां पुन्हां भरतां येणाऱ्या बॅटऱ्या लागल्या.

१९८० च्या सुमाराच्या गाड्यांत निकेल आणि कॅडमियम यांची बॅटरी असे. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनीं १८९९ सालीं ही जात शोधून काढली होती. तिचा एक सेल १.२ व्होल्टचा. असे सहा गोल सेल ओळीनें जोडून ७.२ व्होल्टची एक कांडी करीत. जुन्या गाड्यांच्या पोटांतील खोबण याच गोल सेलांच्या अंगाबरहुकूम घडविलेली आहे. त्या कांडीची सांठवण १२०० मिलि-अँपिअर-तास असे, म्हणजे १.२ अँपिअर-तास. मोटर सरासरी ६ अँपिअर ओढते असें धरलें, तर १.२ ला ६ नें भागून एक-पंचमांश तास, म्हणजे १२ मिनिटें येतात. बारा मिनिटांचा खेळ, आणि मग मोठा विसांवा! मुलांना तो विसांवा जाचे. परंतु मोटरला तो मानवत असे. तेवढ्या वेळांत ती निवून जाई.

या जुन्या जातीला आज दोन वारस आहेत. पहिला वारस सौम्य प्रकृतीचा आहे. निकेल कायम ठेवून विषारी कॅडमियमच्या जागीं हायड्रोजन सांठविणारी मिश्रधातु घातली, कीं निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी होते. तिचाही सेल १.२ व्होल्टचाच, सहा सेलांची कांडी ७.२ व्होल्टचीच, आणि आकारही गोलच. म्हणून ती जुन्या खोबणींत सरळ बसते. सांठवण मात्र ३००० मिलि-अँपिअर-तास किंवा त्याहूनही अधिक असते. मघांच्याच हिशेबानें १२ मिनिटांचा खेळ अर्ध्या तासाचा होतो. येथें पथ्य एवढेंच कीं, बॅटरी दमली नाहीं तरी मोटर दमलेली असते. दर दहा-बारा मिनिटांनीं गाडी थांबवून मोटरजवळ हात न्यावा. चटका बसण्याइतकी ऊब लागली, तर तिला निवूं द्यावें. जुन्या काळीं जो विसांवा बॅटरी देत असे, तो आतां खेळणाऱ्यानें आपण होऊन द्यावयाचा आहे.

दुसरा वारस लिथियमचा. १९९१ सालीं सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणली, आणि तिचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हिच्या कांहीं जातींतही मँगनीज एक घटक म्हणून असतें. थोड्या वजनांत पुष्कळ वीज सांठविणें हा हिचा गुण. एक सेल ३.७ व्होल्टचा, दोन जोडले कीं ७.४ व्होल्ट. ७.२ आणि ७.४ यांत अंतर तें केवढें, असें वाटून पुष्कळजण येथेंच फसतात. पूर्ण भरलेला हा जोड ८.४ व्होल्टचा असतो, आणि मोटरनें कितीही ओढलें तरी त्याचा दाब जुन्या कांडीसारखा पटकन् बसत नाहीं. जुनी कांडी भार पडतांच नमतें घेई. त्या नमण्यामुळें प्लॅस्टिकचे दांते, आंस आणि मोटरचे ब्रश वांचत. लिथियम नमत नाहीं. मग नमावें लागतें तें दांत्यांना.

‘ग्रासहॉपर’चें उदाहरण या ठिकाणीं बोलकें आहे. ती नवशिक्यांसाठीं म्हणून ३८० जातीच्या लहान मोटरवर निघाली. तिच्या बहिणीला, ‘हॉर्नेट’ला, ५४० जातीची मोठी मोटर मिळाली. करणाऱ्यांनीं गाडीची ताकद कोठें थांबवावी याचा विचार करूनच मोटर निवडली होती. तो विचार बॅटरी बदलणाऱ्यानेंही करावयास हवा.

लिथियमचें दुसरें पथ्य याहून कडक आहे. निकेलच्या जातीची बॅटरी पार रिकामी झाली तरी बहुधा पुन्हां भरतां येते. लिथियमच्या सेलचा दाब ३ व्होल्टच्या खालीं गेला कीं त्याच्या अंतरंगांत कायमचा बिघाड होतो. असा सेल पुढें भरतांना फुगूं शकतो व पेटही घेऊं शकतो. १९८० च्या सुमाराच्या गाड्यांत वेग बदलण्याचें काम यांत्रिक खटक्यानें आणि रोधाच्या तारेनें होत असे. खटक्याला बॅटरी केव्हां रिती होते तें समजण्याची सोय नाहीं. तो शेवटच्या थेंबापर्यंत वीज ओढीत राहतो. पुन्हां काढलेल्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक जोडतात. त्यांतील कांहींना दाब उतरतांच मोटर तोडण्याची सोय असते, कांहींना नसते. आपल्या नियंत्रकाला ती आहे कीं नाहीं, हें त्याच्या माहितीपत्रकांत वाचल्याखेरीज लिथियम आंत घालूं नये. सोय नसेल तर बॅटरीच्या लहान खुंटीस लावावयाचा भोंगा मिळतो. तो दर सेलमागें ३.५ व्होल्टवर वाजेल असा लावून ठेवावा, आणि वाजतांच खेळ थांबवावा. ही त्या बॅटरीची कल्हई समजावी.

तिसरें पथ्य आकाराचें. कठीण कवचाच्या लिथियम बॅटरीचे कोपरे चौकोनी असतात, आणि खोबण गोल. कोणी गाडीची खोबण कानशीनें घासतात. त्यानें खोबणीचा आधार दुर्बळ होतो आणि जुना नमुना कायमचा विद्रूप होतो. कोणी त्याहून मोठें अविचाराचें काम करतात, तें म्हणजे बॅटरीचेंच कवच घासणें. तें कधींही करूं नये. मऊ वेष्टनाची बॅटरी तर पट्टीनें आवळूंही नये. वेष्टन फाटलें किंवा चेपलें तर आंतल्या आंत शॉर्ट-सर्किट होऊन आग लागते. गोल कडांच्या कवचांतही या बॅटऱ्या मिळतात, त्या शोधाव्या. नाहीं मिळाल्या, तर लिथियमचा मोह सोडावा.

चौथें पथ्य जोडणीचें. जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या जोडणीला मोठा प्रवाह सोसत नाहीं. ती तापून वितळते. ती बदलावयाची झाल्यास डाग देणाऱ्यानें एका वेळीं एकच तार कापावी. तांबडी व काळी दोन्हीं एकदम कापलीं आणि कात्रीच्या पात्यानें त्यांची गांठ पडली, तर ठिणगी दोन हातांच्या मधोमध उडते. ग्राहक यंत्रालाही मुख्य बॅटरीची वीज सरळ देऊं नये. जुन्या गाड्यांत त्याला पुष्कळदां चार पेन्सिल-सेलांची निराळी पेटी असे. आतां नियंत्रकच दाब उतरवून त्याला वीज पुरवितो.

पांचवें पथ्य भरण्याचें, आणि घराच्या दृष्टीनें तेंच सर्वांत महत्त्वाचें. निकेलची बॅटरी भरत आली कीं तिचा दाब किंचित् उतरतो, आणि ती खूण पाहून तिचा चार्जर थांबतो. लिथियममध्यें तशी खूण होत नाहीं. दर सेलला ४.२ व्होल्टवर नेऊन तेथेंच धरावें लागतें. म्हणून निकेलच्या चार्जरवर लिथियमची बॅटरी लावणें म्हणजे भरल्या घागरीखालीं नळ सोडून गांवाला जाण्यासारखें आहे. फरक एवढाच कीं, येथें पाणी न सांडतां आग लागते. ज्या त्या जातीचा चार्जर ज्या त्या जातीसच वापरावा. भरतांना बॅटरी फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर आणि माणसाच्या नजरेसमोर असावी. रात्रीं भरावयास लावून निजूं नये. जवळ वाळूची बादली ठेवावी.

विदर्भाच्या उन्हाळ्यांत आणखी एक काळजी. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि पत्र्याच्या छपराखालीं तो याहूनही वर चढतो. अशा माळ्यावर अथवा उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत लिथियमची बॅटरी विसरूं नये. खेळून आल्यावर गरम बॅटरी लगेच भरावयास लावूं नये. महिनाभर खेळावयाचें नसेल, तर ती पूर्ण भरून अथवा पूर्ण रिती करून न ठेवतां दर सेलमागें सुमारें ३.८ व्होल्टवर, थंड जागीं ठेवावी. पोट फुगलेली बॅटरी कितीही चालत असली तरी ती मेली असें समजावें.

ज्यांना लिथियम हवें पण एवढा धाक नको, त्यांच्यासाठीं लोह-फॉस्फेटची एक जात आहे. तिचा सेल ३.२ व्होल्टचा, दोन सेलांचा जोड ६.४ व्होल्टचा, आणि पूर्ण भरला तरी ७.२ व्होल्टच्या आसपास. तिला आग लागण्याचा संभव कमी, आणि जुन्या दांत्यांवर तिचा जुलूमही कमी. चार्जर मात्र तिचाही निराळा असतो, आणि दाब फार उतरूं न देण्याचें पथ्य तिलाही आहे.

संपलेल्या सेलांचें काय करावें, हेंही सांगितलें पाहिजे. ते उकिरड्यावर किंवा नाल्यांत टाकूं नयेत. जुन्या कांडींतील कॅडमियम पाण्यावाटे अन्नांत उतरतें आणि मूत्रपिंडांना मारक होतें. लिथियमची चेपलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडींत पेटते. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातु पुन्हां वापरांत आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. परंतु त्यांच्या हातीं त्या पोंचविणें हें ग्राहकाचें काम. ज्या जिल्ह्यानें आपले डोंगर फोडून मँगनीज दिलें, त्या जिल्ह्यांतील मुलाला तरी एक सेल फेंकतांना त्यामागची मेहनत आठवावी.

आतां तुमसरच्या त्या ओसरीकडे पुन्हां वळूं या. काकांनीं पुतण्याला माहितीपत्रक मोठ्यानें वाचावयास लाविलें. नियंत्रकाला दाब तोडण्याची सोय नाहीं, असें त्यांत निघालें. खोबणीच्या कडेला एक बारीक चीरही पडलेली दिसली. मुलगा हिरमुसला. दुसऱ्या दिवशीं काकांनीं ती चपटी बॅटरी परत दिली आणि सहा गोल सेलांची निकेलची कांडी व तिचा चार्जर आणला. कांडी खोबणींत जोर न करतां बसली. गाडी अंगणांतून धुरळा उडवीत निघाली, आणि दहा मिनिटांनीं काका म्हणाले, “आतां तिला निवूं दे.” मुलानें घड्याळाकडे पाहिलें, गाडी उचलली, आणि स्वतःच मोटरजवळ हात नेऊन पाहिला.

पुढें कधीं तो लिथियमही वापरील, आणि वापरावें. नवी शक्ति टाळावी असें येथें सुचवावयाचें नाहीं. जुन्या पितळी पातेल्यांत ताक ठेवणाऱ्या बाईनें ताक करणें सोडलें नव्हतें कीं पातेलें मोडीत काढलें नव्हतें. कल्हईवाल्याची हांक ऐकूं येईपर्यंत ती थांबत असे, एवढेंच.